देशांतर-संस्कार

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकात आमचे एक बाकडे ठरलेले आहे. ठरलेले म्हणजे आम्हीच ठरवलेले. खाण्याच्या गाड्यांवर गर्दी व्हायच्या आधी जो पोचेल त्याने ते अडवायचे, एवढाच नियम. मंडळात एक रसायनशास्त्राचे सर, एक गणिताचे सर, प्राचीन इतिहास शिकवलेल्या एक बाई आणि मी, असे चार निवृत्त जीव. मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. त्यामुळे मला मत नसते, फक्त माहिती असते, असे गणिताच्या सरांचे म्हणणे. हे पुस्तक त्या बाकड्यावर सुरू झाले, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू करते.

निमित्त अगदी क्षुल्लक होते. रसायनवाल्या सरांच्या नातीने फोनवर त्यांचे नाव टाकले आणि ओरडली, "आबा, तुमचा एच-इंडेक्स एकोणीस!" सर खूश झाले, सगळ्यांना चहा सांगितला. मग तिने त्याच उत्साहात गणिताच्या सरांचे नाव टाकले. आला चार. इतिहासाच्या बाईंचे नाव टाकले तर त्याच नावाच्या कुणा दंतवैद्य बाई निघाल्या. चहा आला, पण पुढे दोन दिवस गणिताचे सर बाकड्याकडे फिरकले नाहीत. चाळीस वर्षे शिकवलेला, परदेशी शोधपत्रिकांत मोजके पण नेमके लिहिलेला माणूस एका आकड्याने असा हिरमुसला, याचे मला हसू आले आणि मग हसू थांबले. कारण असे आकडे उतरत्या क्रमाने लावून द्यायचे काम मी स्वतः केले होते.

एका महाविद्यालयात सर्व शाखांमधून एकच उत्तम संशोधक निवडायचा होता. समितीने माझ्याकडून तक्ता मागितला: नाव, विषय, पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. मी तो प्रामाणिकपणे तयार केला आणि संगणकाची कळ दाबून मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत लावला. वरची चारही नावे जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञानाच्या नव्या शाखांमधली होती. गणिताची एक तरुण मुलगी तळाशी गेली, इतिहासाचा माणूस तर पानाच्या पाठीमागे. समितीत कुणी दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे एकच रकाना होता आणि तो मी भरला होता. 'विषय' हा दुसरा रकानाही त्याच तक्त्यात होता, पण तो कुणी वाचला नाही. मीही नाही.

सायटेशन म्हणजे संदर्भोल्लेख. एका संशोधकाने आपल्या लेखाच्या शेवटी दुसऱ्याच्या लेखाचे नाव घातले की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक जमा. इतका सरळ हिशोब. त्यावरून व्यक्तीला गुण देणारे जे मापदंड निघाले त्यांत सर्वांत लोकप्रिय एच-इंडेक्स, जो भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५ साली मांडला. तुमचे दहा लेख असे असतील की प्रत्येकाला किमान दहा उल्लेख मिळाले आहेत, तर तुमचा इंडेक्स दहा. अकरावर जायला असे अकरा लेख हवेत. मापदंड सुटसुटीत आहे यात शंका नाही. पण हिर्श यांनी त्याच लेखात दिलेले आकडे फारसे कुणी आठवत नाही. त्यांना भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटन दिसले, इंडेक्स ११०. जीवशास्त्रात सर्वांत वर सॉलोमन स्नायडर, १९१. विटन यांना गणितातला सर्वोच्च मान समजले जाणारे फील्ड्स पदक १९९० साली मिळालेले आहे. ११० आणि १९१ यांतला फरक दोन माणसांच्या बुद्धीतला नाही, दोन वस्त्यांच्या रीतीतला आहे. जन्मदात्यानेच हे सांगून ठेवले होते. पुढे आकडा पसरला, सूचना मागे राहिली.

ही रीत काय असते? मला ती लग्नातल्या आहेराच्या वहीवरून समजते. समजा, एका जमातीत प्रत्येक घर वर्षात पन्नास ठिकाणी आहेर करते आणि दुसऱ्या जमातीत पंधरा ठिकाणी. आहेर जमातीतच फिरतो. मग पहिल्या जमातीत दर घराला सरासरी पन्नास पाकिटे येणार आणि दुसरीत पंधरा, हे सांगायला पंडित नको. दिलेल्याचा आणि घेतलेल्याचा ताळा जुळतोच. गणिताच्या लेखाखाली साधारण पंधरा-वीस-पंचवीस संदर्भ असतात, जैववैद्यकातल्या लेखाखाली चाळीस-पन्नास सहज. बाकी काहीही न बदलता एवढ्यानेच एका शाखेतला माणूस दुसरीतल्या माणसाच्या दुप्पट 'प्रभावी' ठरतो. लोकांना वाटते की शाखा मोठी, माणसे जास्त, म्हणून उल्लेख जास्त. तसे नाही. मोठ्या जमातीत घरेही जास्त असतात, सरासरी आहेर तोच राहतो. मोठेपणाने फरक पडतो तो शिखरावर. मोठ्या जमातीतले सर्वांत थाटाचे लग्न लहान जमातीतल्या सर्वांत थाटाच्या लग्नाहून कितीतरी थाटाचे होते. १९५१ साली ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी द्रावणातले प्रथिन मोजायची एक पद्धत लिहिली. प्रयोगशाळेत ती वापरणारा प्रत्येक जण तो लेख नमूद करत गेला आणि उल्लेख तीन लाखांच्या वर गेले. लॉरी यांनी स्वतःच म्हटले होते की हा काही थोर लेख नव्हे. गणितात अशी प्रथिन मोजायची बाटली नसते.

दुसरी गोष्ट वेगाची. शोधपत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना तिच्यात आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती उल्लेख मिळाले ते पाहतात. जिथे सहा महिन्यांत लेख छापून दुसऱ्या सहा महिन्यांत त्यावर उत्तर येते, त्या शाखेला दोन वर्षे भरपूर झाली. गणितात लेख परीक्षकाकडेच वर्ष-दीड वर्ष पडून असतो. दोन वर्षांनी त्याला कुणी नावाजले नाही म्हणजे तो वाया गेला, हा निष्कर्ष पेरणीनंतर आठवड्याने शेतात जाऊन कणसे मोजण्यासारखा आहे.

इथे मला आमच्याच गावच्या माणसाचे नाव घेतले पाहिजे. ते बाकड्यावर प्रथम घेतले तेव्हा गणिताचे सर आपणहून सरळ बसले. श्रीराम शंकर अभ्यंकर, जन्म उज्जैन, २२ जुलै १९३०. वडील गणिताचे प्राध्यापक, बालपण ग्वाल्हेरीत, मग मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, तिथून हार्वर्ड आणि ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली पीएच.डी. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता बीजगणिती पृष्ठांवरच्या विचित्र, अणकुचीदार बिंदूंना गुळगुळीत करण्याचा, तोही अशा अंकव्यवस्थेत जिथे नेहमीची हत्यारे चालत नाहीत. हे काम १९५६ साली अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आले. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये त्यांनी वक्रांच्या आच्छादनांबद्दल एक लेख लिहिला आणि त्यात एक अटकळ बांधली. त्या वक्रांवर कोणकोणत्या सममिती उभ्या राहू शकतात, त्यांची यादीच सांगून टाकली. सिद्धता नव्हती, होता तो नुसता अंदाज, सत्तावीस वर्षांच्या माणसाचा.

१९९० साली जाँ-पिएर सेर यांनी त्यातला एक भाग सिद्ध केला. १९९४ साली मिशेल रेनो यांनी रेषेपुरती आणि डेव्हिड हार्बेटर यांनी सर्वसाधारण वक्रांसाठी ती अटकळ पूर्ण सिद्ध केली. १९९५चे कोल पारितोषिक दोघांना मिळाले. मधे सदतीस वर्षे गेली. सदतीस वर्षांत माणूस नोकरीला लागून निवृत्त होतो. त्याच्या बढतीच्या प्रत्येक मुलाखतीत, "त्या १९५७च्या लेखाचे पुढे काय झाले?" या प्रश्नाचे उत्तर "अजून काही नाही" हेच असते. अभ्यंकर अर्थात एवढ्या एका लेखावर उभे नव्हते. १९६३पासून ते पर्ड्यू विद्यापीठात होते, त्यांच्याकडे मानाचे प्राध्यापकपद होते, १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले. पण ज्याच्याकडे दुसरे काही नाही आणि जो तसलाच एक लेख लिहून बसला आहे, त्याचे काय, हे माझ्या तक्त्यात दिसायची सोय नव्हती.

आणि आता आपल्याकडचा हिशोब लावून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत शिक्षकाच्या प्रत्येक शोधनिबंधाला इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण ठरवलेले आहेत. फॅक्टर एकाहून कमी असेल तर १०, एक ते दोन असेल तर १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. सगळ्या शाखांना हीच पट्टी. अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्सचा फॅक्टर एक-दोनच्या घरात असतो. म्हणजे सदतीस वर्षे जगभरच्या गणित्यांना खेळवणाऱ्या लेखाला पंधरा. अ‍ॅनल्स, जिथे लेख छापून येणे हे बहुतेक गणित्यांच्या आयुष्यात घडत नाही, तिचा फॅक्टर पाचाच्या आगेमागे घुटमळतो. एखाद्या वर्षी वीस, एखाद्या वर्षी पंचवीस. वैद्यकातल्या मध्यम दर्जाच्या कितीतरी पत्रिका पाचाच्या वर असतात. बरे, त्याच नियमावलीत साध्या निबंधाचे गुण विज्ञानाला आठ आणि भाषा-मानव्यविद्यांना दहा असे वेगळे धरले आहेत. म्हणजे शाखाशाखांत फरक असतो हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. पण गणित आणि जीवरसायन दोन्ही विज्ञानच, मग त्यांत कसला फरक, असे वाटून हात थांबला असावा. खरा फरक तर तिथेच जास्त आहे.

त्या पट्टीवर आणखी एका मराठी माणसाला उभे करून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, जन्म १९१७, मध्य प्रदेशातल्याच सागरचे. राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्याबरोबर १९५९ साली त्यांनी ऑयलरची पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक अटकळ खोटी ठरवली आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. तिघांचा एकत्र लेख १९६० साली आला, त्यात श्रीखंडे यांचे नाव दुसरे. आपल्या नियमाप्रमाणे तीन लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला सत्तर टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी तीस. गणितात नावांचा क्रम बहुधा वर्णमालेने लागतो (या लेखात तसाही नाही), वाटा दाखवायला नाही. उलट टोकाला कण-भौतिकी आहे. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा एक लेख आला त्याला ५,१५४ लेखक होते, तेहतीस पानांपैकी चोवीस पाने नुसती नावांची. अशा लेखाचा प्रत्येक उल्लेख प्रत्येकाच्या खात्यावर पुरा जमा होतो. आहेर एक, नवरदेव पाच हजार.

आता 'देशांतर' या नावाबद्दल. जुन्या ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांची मध्यरेषा लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाते. ग्रहांची गणिते या रेषेवरच्या वेळेची. तुम्ही पूर्वेला किंवा पश्चिमेला असाल तर तेवढा फरक मिळवायचा किंवा वजा करायचा. यालाच पंचांगकर्ते देशांतर-संस्कार म्हणतात. तो न करता कोल्हापुरात बसून उज्जयिनीचे गणित वाचले तर गणित खोटे नसते, वाचणारा चुकीच्या जागी उभा असतो. आजचे आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, १ जानेवारी १९०६पासूनचे. उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. म्हणून टावरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या गावचा मध्यान्ह साधारण सत्तावीस मिनिटे दूर असतो. मुंबईचा एकोणचाळीस. मुंबईकरांनी आपला 'मुंबई टाइम' कित्येक दशके सोडला नव्हता, हे माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. त्यात हट्ट होता तसाच थोडा न्यायही होता.

संदर्भोल्लेखांच्या बाबतीत हाच संस्कार करता येतो आणि तो फार अवघडही नाही. एखाद्या लेखाला मिळालेल्या उल्लेखांना त्याच शाखेतल्या, त्याच वर्षीच्या लेखांच्या सरासरीने भागायचे. समजा, गणितात सरासरी पाच आणि पेशीविज्ञानात चाळीस आहे. मग गणितातले दहा आणि पेशीविज्ञानातले ऐंशी हे एकाच उंचीचे. २००८ साली रादिकी, फोर्तुनातो आणि कास्तेलानो या तिघांनी दाखवले की असा भागाकार केला की वेगवेगळ्या शाखांचे उल्लेखांचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटली. म्हणजे शाखाशाखांत थोर आणि सामान्य यांची वाटणी सारखीच आहे, फक्त नाणे वेगळे आहे. शेर पुण्याचा वेगळा आणि मुंबईचा वेगळा होता तेव्हाही धान्य धान्यच होते.

दरवर्षी वर्तमानपत्रांत 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांचा समावेश' अशी बातमी येते ती जॉन आयोआनिडिस आणि सहकाऱ्यांच्या यादीवरून. ती यादी निदान माणसाला त्याच्या उपशाखेत बसवून पाहते, १७४ उपशाखा धरून. बातमीत हे कधी छापलेले मी पाहिले नाही. टक्के छापतात, उपशाखा नाही.

पण संस्कार करायचा तर आधी माणूस कुठे उभा आहे ते ठरले पाहिजे, आणि तिथे पंचाईत होते. अभ्यंकर पर्ड्यूत गणिताचे प्राध्यापक होते, पुढे औद्योगिक अभियांत्रिकीचे आणि संगणकशास्त्राचेही. त्यांना कोणत्या गावचे देशांतर लावायचे? गणिताच्या आतही सगळे एका रेषेवर नाहीत. संख्याशास्त्राकडे झुकलेल्या, औषधचाचण्यांच्या लोकांना उपयोगी पडणाऱ्या लेखाला मिळणारे उल्लेख शुद्ध बीजगणितवाल्याला स्वप्नातही मिळत नाहीत. गाव जितके बारीक करावे तितका संस्कार अचूक होतो, आणि शेवटी प्रत्येक माणूस आपल्या गल्लीत पहिला येतो. हा माझा विनोद नाही, गणिताच्या सरांचा आहे, आणि तो त्यांनी चारचा आकडा पचवल्यानंतर केला.

मोजणीलाच नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ग्रंथालयशास्त्रात मोजणीचा आग्रह आपल्या रंगनाथन यांनीच १९४८ साली 'लायब्रामेट्री' म्हणून धरला होता. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ साली ती सूची प्रत्यक्षात आणली, तीही माणसांना गुण द्यायला नव्हे. त्यांना जुन्या लेखावर पुढे कुणी काय म्हटले ते शोधायचे होते. अमेरिकी वकिलांकडे असे साधन १८७३पासून होते. हा निकाल पुढे कुठे उचलला गेला, कुठे फेटाळला गेला, ते त्यात दिसे. शोधण्यासाठी केलेली वही पुढे आहेर मोजायला घेतली गेली.

उल्लेख का केला, हे आकड्यात येत नाही, ही जुनी तक्रार आहे. पण ती उज्जैनइतकी जुनी असेल हे इतिहासाच्या बाईंनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत आधीचे पाच सिद्धांत नावानिशी गोळा केले: पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह. नुसते नोंदवले नाहीत. पौलिशाची तिथी नेमकी, रोमकाची तिच्याजवळची, सौराची अधिक नेमकी आणि उरलेले दोन फार ढळलेले, असा निवाडाही सुरुवातीलाच दिला. आजची सूची पाचांच्याही खात्यावर एकेक जमा करून मोकळी होईल. ब्रह्मगुप्ताची गोष्ट तर याहून गमतीची. ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात त्याने एक अख्खा अध्याय इतरांचे दोष काढण्यात घालवला आणि त्यात आर्यभटावर सर्वांत जास्त तोंडसुख घेतले. मोजायचे झाले तर आर्यभटाचा एच-इंडेक्स वाढवण्याचे सर्वाधिक श्रेय त्याच्या सर्वांत कडव्या टीकाकाराकडे जाईल.

एवढ्या संस्कारानेही ज्यांना न्याय मिळत नाही अशी माणसे आहेत, कारण ती नकाशावरच नसतात. १९५७ हे वर्ष आमच्या गावाच्या दृष्टीने विलक्षण. अभ्यंकरांची अटकळ त्या वर्षाची, विक्रम विद्यापीठाची स्थापना त्या वर्षाची, आणि त्याच वर्षी विष्णु श्रीधर वाकणकर, उज्जैनचे हरिभाऊ, आगगाडीतून जाताना दूरच्या खडकांचे आकार पाहून उतरले आणि भीमबेटकाच्या चित्रगुहांपाशी पोचले. पुढे २००३ साली ती जागा जागतिक वारसा ठरली. १९६४ साली त्यांनी उज्जैनपासून काही कोसांवरचे कायथा हे ताम्रपाषाणयुगीन ठिकाण हुडकले आणि नंतर तिथे उत्खनन केले. पुढे डेक्कन कॉलेजही त्यात उतरले आणि अन्सारी-ढवळीकरांचा उत्खननाचा अहवाल १९७५ साली पुस्तकरूपाने निघाला. वाकणकरांचे शैलचित्रांवरचे मोठे पुस्तक रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह १९७६ साली मुंबईहून आले.

आता यातले काय सूचीत येते? पुरातत्त्वातले ज्ञान उत्खननाच्या अहवालांत, पुरातत्त्व खात्याच्या वार्षिक आढाव्यांत, जाड पुस्तकांत राहते. पुस्तकांसाठी वेगळी सूची २०११ साली निघाली, तोवर उल्लेख मोजायचे यंत्र मुख्यतः शोधपत्रिकांपुरते पाहत होते. शिवाय त्या शाखेत लोक माणसाचे नाव लिहीत नाहीत, ठिकाणाचे लिहितात. 'कायथा संस्कृती' असे म्हटले की काम झाले, ती कुणाच्या पायांना प्रथम लागली ते वाक्यात येत नाही. विज्ञानातही कल्पना फार रुजली की उल्लेख थांबतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याकडे लक्ष वेधले होते. 'अभ्यंकरांचे लेमा' वापरताना आज कुणी मूळ लेख शोधत बसत नाही. नाव उरते, नोंद जाते. हरिभाऊंचे तर नावही उरत नाही, दगड उरतो. इतिहासाच्या बाईंना फोनमध्ये दंतवैद्य बाई का सापडल्या, याचे उत्तर इथे आहे. त्यांचे लेखन हिंदी आणि मराठी नियतकालिकांत आणि स्मरणग्रंथांत विखुरलेले आहे.

भाषेचे देशांतर सर्वांत मोठे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हे मराठी पुस्तक १८९६ साली निघाले. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर काम करणाऱ्या कुणालाही ते टाळता आलेले नाही. त्याच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ साली आला, म्हणजे त्र्याहत्तर वर्षांनी, आणि दुसरा १९८१ साली. भाषांतर करणारे प्रा. आर. व्ही. वैद्य आमच्या उज्जैनचेच, माधव कॉलेजात गणित शिकवणारे आणि मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीचे सभासद. मराठीतले गणित इंग्रजीत न्यायचे हे काम त्यांना कोणत्या रकान्यात गुण देऊन गेले असते, मला सांगता येणार नाही. भाषांतराला नियमावलीत गुण आहेत, पण एच-इंडेक्स सगळा दीक्षितांचा. आणि दीक्षित तर १८९८ सालीच गेले.

आकड्यालाच पैसा आणि बढती बांधली की बाजारात काय होते, त्यावर या पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे लांबवत नाही. एवढे सांगते की पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या यादीतली १,००९ नियतकालिके तपासली तेव्हा त्यांतली ८८ टक्के निकृष्ट निघाली, आणि २०१८च्या मेमध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. ज्या शिक्षकांनी तिथे पैसे भरून लेख छापले त्या सगळ्यांना चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांच्यापुढेही एक रकाना होता.

पुढचे लेख वेगवेगळ्या शाखांतल्या शिक्षकांनी लिहिले आहेत. प्रत्येकाला मी एकच विनंती केली होती: आपल्या शाखेत एक बरा लेख म्हणजे काय, तो किती वर्षांनी बरा ठरतो आणि तो कुणाला नमूद करतो, हे परक्याला समजेल असे लिहा. रसायनाच्या लेखकाने तीन दिवसांत लेख दिला, संदर्भ त्रेपन्न. गणिताच्या सरांनी अकरा महिने घेतले, संदर्भ सहा, त्यांतला एक अप्रकाशित. इतिहासाच्या बाईंच्या लेखात तळटीपा लेखापेक्षा लांब आहेत आणि त्यांतल्या निम्म्या कोणत्याही सूचीत सापडणार नाहीत. मी काही कापले नाही. संपादकाला हे असमान वाटेल, मला ते पुराव्यासारखे वाटले.

मागच्या नोव्हेंबरात नातीला घेऊन आम्ही चौघे जिवाजी वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंगाने बांधलेल्या आणि माधवराव शिंद्यांच्या काळात गोविंद सदाशिव आपट्यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झालेल्या त्या आवारात सम्राट यंत्राच्या पायरीवर बसून तिने सावलीची वेळ वाचली आणि फोनशी ताडून पाहिली. जुळली नाही. "यंत्र मागे आहे," ती म्हणाली. गणिताच्या सरांना हेच हवे होते. त्यांनी तिला सत्तावीस मिनिटांचे देशांतर सांगितले. तिने मिळवून पाहिले, तरी जुळेना, आता यंत्रच पुढे निघून गेले. मग त्यांनी सांगितले की सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. म्हणून तो फरक नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम अकरा मिनिटांवर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात एक्केचाळीसवर जातो. तिने वहीत तसे लिहून घेतले. परतताना टावर चौकात उतरलो, बाकडे दुसऱ्याच कुणी अडवले होते, म्हणून उभ्यानेच चहा घेतला. तिथे तिने विचारले, "आजोबा, मग तुमच्या चारमध्ये किती मिळवायचे?"

सर कप खाली ठेवत म्हणाले, "आधी तारीख सांग."